उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

ऐक उंबऱ्याच्या माये, तुझी कहाणी. आटपाट नगर, त्यात एक शिपाईआळी. आळीच्या टोकाला येसू नावाची बाई राहत असे. तिचा धनी राजाच्या फौजेत. घोडं घ्यायला त्यानं सावकाराचं कर्ज काढलं, घर गहाण ठेवलं, आणि सरहद्दीवर राखणीला गेला. मागं सासू होती, तीही वारली. जाताना सुनेला म्हणाली, "मुली, घरात पुरुष नाही हे कुणाला कळू देऊ नकोस."

येसूनं ते मनावर घेतलं. मग काय केलं? धन्याच्या वहाणा उंबऱ्याबाहेर मांडल्या. त्याचं धोतर धुतलेलंच पुन्हा धुवावं, पुन्हा वाळत घालावं. कुणी धन्याबद्दल विचारलं, की आतूनच म्हणावं, आहेत, जेवताहेत. जेवायला ही एकटीच. कधी वहाणांपाशी बसावं, आज भाकरी करपली म्हणून सांगावं. वहाणा काय बोलणार? घर तिला खायला उठे.

राजा न्यायी होता. त्यानं दवंडी पिटवली, शिपाई राखणीला आहे तोवर त्याच्या कर्जाला व्याज चढू नये, त्याच्या घरादाराला सावकारानं हात लावू नये. घरच्या बाईनं उंबऱ्यात उभं राहून, धनी राखणीला आहे, एवढं सांगावं. येसूनं दवंडी ऐकली. पण ते सांगायचं, म्हणजे मी एकटी आहे हे सांगायचं. तिची जीभ उचलेना.

मग सावकार आला. धनी आहे का, म्हणाला. आहेत, जेवताहेत. मग दवंडी तुला लागू नाही, म्हणाला, आणि भांडी घेऊन गेला. मग पुन्हा आला. आहेत, निजलेत. गाय सोडून नेली. दारची गाय जाते तरी धनी उठत नाही, हे सावकाराला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. जाताना म्हणाला, आता येईन तेव्हा घराला कुलूप घालीन.

मग एक म्हातारी आली. पाणी मागितलं. येसूनं दिलं. बाई, धनी कुठं? आत आहेत. पाणी प्याली, पुन्हा विचारलं, धनी कुठं? आत आहेत. तांब्या खाली ठेवला, तिसऱ्यांदा म्हणाली, "आळीत घोटाभर चिखल, आणि वहाणा कोरड्या कशा? बाई, धनी कुठं?"

येसूला रडू फुटलं. तोंडाला पदर लावून तिनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मी उंबऱ्याची माय. माझा वसा घे. दर शनिवारी मला हळदकुंकू वाहावं, धनी कुठं आहे ते मोठ्यानं सांगावं. लाजू नये, लपू नये, घेतला वसा सोडू नये." आणि दिसेनाशी झाली.

शनिवार आला. सावकार कुलूप घेऊन आला. येसूनं उंबरा पुजला, वहाणा उचलून पोटाशी धरल्या, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माझे धनी घरात नाहीत. सरहद्दीवर राखणीला आहेत. घरात मी एकटी आहे. मला राजाची दवंडी लागू आहे."

सावकाराचं तोंड उतरलं. माणसं ऐकत होती, काय करतो? कुलूप परत नेलं. गाय आणून बांधली, भांडी आणून दिली.

मग समोरचं दार उघडलं. समोरच्या बाईनं आपल्या उंबऱ्याबाहेरच्या वहाणा उचलल्या. मग शेजारणीनं उचलल्या. मग पलीकडच्या म्हातारीनं आपल्या लेकाच्या उचलल्या. बघता बघता आळीत एकही वहाण उरली नाही. सगळ्याच एकट्या होत्या. भिंतीला भिंत लागून होती, आणि प्रत्येकीला वाटे, तेवढी मीच.

तेव्हापासून शनिवारी आळीतल्या बाया येसूच्या ओसरीवर जेवू लागल्या. मग धनी आले का? कुणाचा आला, कुणाचा नाही आला. येसूचा यायचा आहे. आला म्हणजे त्याला दार उघडं मिळेल, चूल पेटलेली मिळेल.

उंबऱ्याची माय जशी येसूच्या हाकेला धावली, तशी तुम्हांआम्हां एकट्यादुकटीच्या हाकेला धावो. ही साठां बोलांची कहाणी, एका खऱ्या बोलानं सुफळ झाली, संपूर्ण झाली.