गोमाजीचा ठेका

फार वर्षांपूर्वी, खारशेत गावाला फक्त पाण्याची वाट होती तेव्हा, तिथे गोमाजी घडशी नावाचा ढोलवाला होता. वाजवताना तो डोळे मिटायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. शिमग्याला देवीची पालखी त्याच्याच ढोलावर नाचे. तो त्याच्या घराण्याचा मान होता.

एका वर्षी पालखी नाचेना. खांदेकऱ्यांनी जोर लावला, गोमाजीने घाम गाळला, पण पालखी जडच्या जड. गावकीने सांगितलं, पुढच्या शिमग्यापर्यंत हात सुधार, नाहीतर मान शेजारच्या गावाला. बापजाद्यांचा मान आपल्या हातून जायचा, म्हणजे तोंड दाखवायची सोय नाही. गळ्यात ढोल अडकवून गोमाजी काथ्या वाहून नेणाऱ्या गलबतावर चढला.

वर्षभरात तो अख्खं जग फिरला, असं म्हणतात. कसं ते विचारू नका, गोष्टीतल्या गलबताला वारा नेहमी पाठचाच असतो. मस्कतला शीड ओढणाऱ्या खलाशांकडून तो जोरकस ठोके शिकला. जपानात ढोल झोपडीएवढा. वाजवणारा एक टोला मारून इतका थांबे, की गोमाजीला वाटलं, बुवा झोपला. झांजीबारला मात्र त्याने डोळे मिटले आणि शिकवणाऱ्या म्हातारीने टाळक्यात ढोल वाजवायचं टिपरू हाणलं. तिची भाषा त्याला कळत नव्हती, पण मार कळला. नाचणाऱ्यांचे पाय बघ, असं ती बोटाने दाखवत होती.

शिमग्याला तो परतला. शेजारगावचे ढोलवाले तयारच उभे. गोमाजीने साऱ्या जगाची विद्या वाजवून दाखवली. पालखी हलेना. सवयीने त्याचे डोळे मिटले, तोच टाळकं ठणकलं, असं म्हणतात. त्याने डोळे उघडून खाली बघितलं.

पुढचा खांदेकरी, म्हातारा भागोजी, आखडलेल्या गुडघ्याने डावा पाय ओढत होता. खांद्याचा मान जाईल म्हणून बिचाऱ्याने दोन वर्षं दुखणं लपवलं होतं आणि त्याचं एक पाऊल दर वेळी चुकत होतं. गोमाजीने तिथला एक ठोका गाळला आणि तो पाय येईपर्यंत थांबला. पाय आला, मग ढोल आला. पालखी अशी उसळली, की खांदेकऱ्यांनाच तिला धरून ठेवावं लागलं. सात समुद्रांपलीकडच्या ढोलांनी साथ दिली, असंही म्हणतात.

पालखी टेकल्यावर भागोजी हळूच जवळ आला. म्हणाला, "गोमा, माजो गुडगो तुका दिसलो?"

"माका कायएक दिसाक नाय. ठेकोच तसो आसा."

भागोजीच्या डोळ्यांना पाणी आलं. पुढे सात शिमगे त्याने खांदा दिला.

आजही खारशेतला तोच ठेका वाजतो. धडधाकट तरणे खांदेकरीसुद्धा डावा पाय जरा ओढत नाचतात. कुणी पाहुणा हसला तर गावातलं कुणी रागावत नाही, त्याला खांदा द्यायला बोलावतात.