सातव्या दिवसाची काडी

त्या राज्यात तळ्यातल्या पाण्याची उंची रोज दुप्पट होत होती, आणि शाळा नेहमीप्रमाणे भरत होती.

पहिल्या दिवशी काठावर एका चोचीइतके उंच, म्हणजे एक चोच पाणी होते, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी ते आठ चोची भरले, तेव्हा धवलगुरुजी नावाच्या वृद्ध बगळ्याने वर्गाला विचारले, "आठव्या दिवशी किती?"

दुपटीचा नियम सगळ्यांना पाठ होता. पाट्यांवर भराभर १२८ उमटले आणि गुरुजी बरोबरच्या खुणा करत फिरले. कुमुदा नावाच्या पाणकोंबडीनेही तेच लिहिले होते, पण तिला स्वस्थ बसवेना.

"गुरुजी, एकशे अठ्ठावीस चोची म्हणजे कुठवर?"

"उत्तर बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "कुठवर, असे प्रश्नात विचारलेले नाही."

सुट्टीत ती काड्या मापून ओळीने चिखलात रोवू लागली. एक, दोन, चार, आठ. गुरुजी जवळ येऊन थांबले.

"काड्या अगदी लहान पिल्लांसाठी असतात. तुला आकडे येतात ना?"

"येतात," ती म्हणाली आणि पुढची काडी शोधायला गेली. सातव्या दिवसासाठी तळ्यातला सर्वांत उंच बोरू लागला. त्याचे टोक सगळ्या घरट्यांच्या वर गेले. आठव्या दिवसाइतकी लांब काडी कुठेच नव्हती.

ती धावत घरी आली. तीन दिवसांची पिल्ले पंखाखाली घेऊन आई घरट्यात बसली होती. सातव्या दिवशी घरटे बुडेल, असे कुमुदाने तिला सांगितले.

"मी पाणी कालपासूनच बघते आहे. काल चार, आज आठ," आई म्हणाली. "म्हणजे उद्या बारा आणि सातव्या दिवशी वीस. आपले घरटे चाळिसावर आहे. उगाच जीव घाबरवू नकोस."

"आई, तू पाहिलेस तेवढ्यात चार मिळवले तरी चाराचे आठ होतात आणि दुप्पट केले तरी होतात. पाणी यातले काय करते आहे, ते उद्या कळेल."

तिने घरट्याशेजारी दोन काड्या रोवल्या, एक बारा चोचींची आणि एक सोळा. मग ती दिवसभर त्यांच्याभोवती येरझारा घालत राहिली. पाचव्या दिवशी दुपारी बारावाली बुडालेली होती. सोळावालीचे टोक तेवढे पाण्याला टेकून हलत होते. आई बराच वेळ त्या टोकाकडे बघत राहिली. मग उठली आणि शेजारणींना हाका मारू लागली.

सहाव्या दिवशी शेवटचे पिल्लू तळ्यामागच्या टेकडीच्या उतारावर चढले. सातव्या दिवशी तळ्यात एकही बोरू दिसेना.

शाळा उतारावर भरली. गुरुजींनी पिल्ले दोनदा मोजली. सगळी हजर होती. त्यांनी घसा साफ केला.

"नवव्या दिवशी?"

पाट्या जागच्या जागी राहिल्या. एकेक करून सगळ्या माना मागे, टेकडीच्या माथ्याकडे वळल्या. मग गुरुजींची लांब मानही सावकाश तिकडे वळली.