उजवीकडचं पान

“आणि ‘ओव्हरकम’ला पलीकडे काय म्हणतात, मास्तर?”

पुंडलिकानं होडीत बसता बसताच विचारलं. मी वल्हं हातात घेऊन थांबलो.

तेव्हा तेरेखोलच्या खाडीवर पूल नव्हता. अलीकडे कामकाजाला इंग्रजी चाले, पलीकडे पोर्तुगीज, आणि मधे माझी होडी. नाडकर्णी मास्तर दोन्ही शिकवायचे. मला अक्षर येत नाही. पण त्यांचे निम्मे धडे होडीतच व्हायचे, तेवढे कानात राहिले. अजून आहेत.

शिष्य दोन, वही एक. डावीकडच्या पानावर पुंडलीक इंग्रजी शब्द लिही, उजवीकडे पलीकडचा कायतान त्याचा पोर्तुगीज जोडीदार लिही. एका वहीवर दोन डोकी, कपाळाला कपाळ लागेपर्यंत.

“वही दाखव,” मास्तर म्हणाले.

डावं पान भरलेलं. उजवं चार ओळींनंतर कोरं.

“आठ दिवस तो आलेला नाही,” पुंडलीक म्हणाला. “जकात नाक्यावर दुभाष्याची जागा एकच. तिथं कुणाला पाठवायचं म्हणून तुम्ही दोघांना शब्द विचारलेत, मी जिंकलो. त्याला राग आला, त्याला मी काय करू? उद्या साहेबापुढे उभं राहायचंय. एवढा शब्द सांगा.”

“जिंकलास तेव्हा त्याला काय म्हणालास?”

पुंडलीक जरा हसला. “धक्क्यावर, चारचौघांत म्हटलं... ‘देर्रोतार’. पुरता पाडाव.”

“शब्द चांगला आहे. तुला कुणी शिकवला?”

होडीच्या बुडाला पाणी चुबुक चुबुक लागत होतं...

“कायताननं.”

मास्तरांनी मला खूण केली. पलीकडे चल.

मी सावकाश वल्हवत नेली. धक्क्यालगत कायतानचं घर. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. होडी लागली तरी त्यानं मान वर केली नाही.

पुंडलीक उतरेना. “तो म्हणेल, अडलं म्हणून आला.”

“अडलंच आहे की रे तुझं,” मी म्हटलं. मला राहवलं नाही.

“मास्तर, तुम्हाला येतो ना तो शब्द?”

“येतो.”

“मग...”

मास्तर ओट्याकडे बघत राहिले.

पुंडलिकानं एक पाय धक्क्यावर ठेवला. “त्याच्यापुढे जाऊन मी म्हणू तरी काय?”

मास्तरांनी वही मिटली नाही. तशीच उघडी त्याच्या हातात दिली.

“काही म्हणू नकोस. वही त्याच्याकडे फिरव... आणि बस.”