ट्वेंटी-वनमधली हलकी टी

शाळेला घंटासुद्धा नव्हती, त्या काळची गोष्ट. तळ्याकाठी पोरं इंग्रजी आकडे घोकायची आणि बदकं त्याच ठेक्यावर पोहायची.

एकदा दाट धुक्यात पैलतीराला जाताना बदकांच्या कळपातली तरणी भिंगरी "ट्वें! टी! वन!" अशी प्रत्येक तुकड्यावर जोर देत पाय मारू लागली. थर्टी-टूपर्यंत तिचे पाय गळाले. कळप धुक्यात विरघळत पुढे निघाला.

"आत्या, बुडाले गं मी!"

म्हातारी ठकूआत्या मागे वळली. "बुडशील नाहीतर काय! गळा फाडून मोठी होतेस का? ट्वें जोरात, वन जोरात. मधली टी नुसती सोडून दे."

"आणि पाय?"

"तोही सोड."

भिंगरीने टी अलगद सोडली. तेवढा क्षणभर तळ्यानेच तिला उचलून धरलं. फॉर्टी-फोरला काठाची लव्हाळी पायाला लागली.