धुनीवर ओतलेलं तीर्थ

“महाराज, धुनी कधी कुणी विझवतं का?”

मुकुंदानं विचारलं खरं, पण त्यात विचारणं कमी आणि ऐकवणंच जास्त होतं. काल संध्याकाळी जंगलात मुक्काम पडला, तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं धुनी पेटवली होती. आयुष्यातली पहिली. रात्रभर तळहातावरच्या फोडासारखी जपली. आता उजाडलं होतं आणि डोंगरमाथ्यावरच्या देवळात आज त्याला दीक्षा मिळायची होती.

सहजनाथ महाराज झोळी खांद्याला लावून निघायच्या बेतात होते.

“मग ही अशीच सोडून जायची?”

“राखेखाली झाकलीय. मठात पिढ्यान् पिढ्या अशीच राखतात.”

“मठाला भिंती आहेत.”

चैत्राचे दिवस होते. चहूकडे सागाची वाळकी पानं घोटाभर साचली होती.

वारा उठला. राख उडाली, खालचे निखारे लाल झाले. एक पान येऊन त्यावर पडलं आणि कडेनं काळं पडू लागलं.

मुकुंदानं पान काठीनं दूर केलं. वारा काही थांबेना.

“पाणी ओत,” महाराज म्हणाले.

“ओढा आटलाय.”

“कमंडलूत आहे.”

“ते तीर्थ आहे, महाराज. माझ्या दीक्षेचं. ते संपलं तर आज...”

महाराजांनी नुसतं निखाऱ्यांकडे बोट केलं.

दुसरं पान पडलं. धूर निघाला... मग बोटभर ज्वाळा.

ज्या दिवसासाठी घरदार सोडलं, तो दिवस गुरूंनीच मातीत घालायला सांगावा? मुकुंदाला संताप आला, रडूही आलं. पण ज्वाळा कुणाच्या दीक्षेसाठी थांबत नाही.

त्यानं कमंडलू उपडा केला. निखारे चरचरले, वाफ डोळ्यांत गेली.

“झालं तुमच्या मनासारखं,” तो म्हणाला. “धुनी गेली, तीर्थही गेलं. आता दीक्षा कशाची देणार?”

“राखेत हात घाल.”

त्यानं घातला आणि चटकन मागे घेतला.

“काय झालं?”

“वरून विझलीय... आत अजून गरम आहे.”

महाराजांनी झोळी खाली ठेवली आणि ते तिथंच बसले.

“मग माती घाल, ढवळत राहा. राख थंड लागली की तीच कपाळाला लाव.”