काजळीचा मुजरा

उद्याच्या दरबारात काजळीने मुजरा केला नाही, तर तिच्या कातड्याची गादी होणार होती.

काजळी म्हणजे गजकेतू महाराजांची शिकारी मांजर. उंचीला कंबरेएवढी, कानांवर काळे गोंडे. दोन चंद्रांच्या त्या मुलखात शिकारी मांजर ही घराण्याची अब्रू होती. ज्याच्या दारी मांजर नाही, त्याला कोणी मुलगी देत नसे, मग तो कितीही राजबिंडा असो. दरबारात मांजरांचा गालिचा प्रधानांच्या वर असे, आणि अकलेचा विचार करता त्यात गैर काही नव्हतं.

घोटाळा केला शेजारच्या राज्याच्या वकिलाने. त्याने नजराणा म्हणून आणलेली कुत्री महाराजांपुढे चक्क वाकली. महाराज विरघळले. मग त्यांनी मोठ्या आशेने काजळीकडे पाहिलं, तर ती पाय वर करून अंग चाटत होती. तिथेच गादीचा हुकूम सुटला. प्रधानांनी तर गादीचं मापही सुचवलं.

मांजरखाना सांभाळणारा सटवोजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक येसू हिने काजळीला डोळे उघडायच्या आधीपासून बोटाने दूध पाजलं होतं. तिला रडू कोसळलं, आणि रडून झाल्यावर सणसणीत राग आला.

"मांजर कधी कुणापुढे वाकलंय का गं?" सटवोजी पुटपुटला.

"वाकतं की, आबा. प्रत्येक शिकारीनंतर वाकतं."

खरंच होतं ते. मांजराच्या तोंडातली शिकार सोडवायची तर लाकडी पळीत गरम रक्त घेऊन त्याच्यापुढे धरायचं, ही मांजरवाल्यांची जुनी रीत. पळी दिसली की मांजर आख्खं हरीण सोडून मान खाली घालतं.

दुसऱ्या दिवशी येसूने भरलेली पळी थेट महाराजांच्या पायाशी धरली. काजळी गालिच्यावरून उतरली, पुढचे पाय मुडपून तिने मान खाली घातली. दरबाराने वाहवा केली. महाराजांच्या नजरेला मात्र पळी पडलीच.

"पोरी, ही मला कुठे वाकली? ही तर पळीला वाकली!"

"होय महाराज," येसू म्हणाली. "पण या दरबारात रोज इतकी मंडळी वाकतात, त्यांना कधी विचारलंत, पायांना वाकता की पळीला? काजळीने निदान पळी लपवली तरी नाही."

महाराजांनी एकेकाकडे पाहिलं. जो तो फरशीची नक्षी बघण्यात गुंग. प्रधान तर वाकले होते, ते तसेच राहिले. महाराजांना हसू फुटलं, आणि ते इतकं वाढलं की मुकुट कानावर आला. महाराज हसताहेत अशी खात्री झाल्यावर मंडळीही पोट धरून हसली.

महाराजांनी गळ्यातला कंठा येसूला दिला, मांजरखान्याचा सगळा कारभारही दिला, आणि काजळीला मुजरा जन्मभर माफ केला. काजळी तोवर पळी चाटून गालिच्यावर झोपी गेली होती.