थोरलीचा बंदोबस्त

त्या खोऱ्यातल्या प्राण्यांना काहीच आठवत नसे, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नसे, कारण थोरलीला सगळे आठवत असे. थोरली ही एक म्हातारी कासवीण होती. डोहाच्या काठी ओल्या मातीला पोट लावून ती पडलेली असे. खोऱ्यात जे जे घडे ते मातीतून तिच्या पोटाला कळे, आणि एकदा कळलेले पुन्हा पुसले जात नसे. कुणाच्या बिळाची हद्द कुठवर, कोणता झरा कोणत्या उन्हाळ्यात आटला, कोणता कंद खाऊन डुकरे मेली, हे सारे तिच्यापाशी होते.

विचारण्याची रीत साधी होती. आपणही पोट जमिनीला टेकवून पडायचे, तिच्या तोंडाशी कान न्यायचा आणि एक गोष्ट विचारायची. आधी येईल त्याने आधी विचारायचे. थोरली उत्तर द्यायला उशीर लावी, पण खोटे उत्तर तिने कधी दिले नाही.

सर्वांत मोठा प्रश्न पावसाळ्यात यायचा. खोऱ्यात दोन टेकाडे होती, सकाळचे आणि सांजेचे. नदी फुगली की बहुधा एक बुडे आणि एक राही. कोणते राहील, ही नदीची मर्जी. पाणी वरच्या डोंगरात जमू लागले की थोरलीच्या पोटाला ते कळे आणि ती टेकाडाचे नाव सांगे.

हा प्रश्न घेऊन सगळ्यांच्या आधी येई ती चिचुंद्री. तिला दिसत जवळजवळ नव्हतेच. तिची पिले एकमेकांची शेपटी दातांत धरून तिच्यामागे ओळीने चालत. पहिल्याच्या दातांत तिची शेपटी, दुसऱ्याच्या दातांत पहिल्याची. इतरांचे टेकाड चुकले तर ते पळत दुसऱ्यावर जात. चिचुंद्रीला ते शक्य नव्हते. धावले की ओळ तुटे, आणि तुटलेले पिलू तिला पुन्हा सापडत नसे. तिला एकदाच निघता येई, आणि निघायचे ते बरोबर ठिकाणीच.

खोऱ्याचा कारभार गव्याकडे होता. गवा धिप्पाड होता, आणि धिप्पाड असणे हीच त्याची लायकी होती. दर पावसाळ्यात त्याला चिचुंद्रीच्या मागे उभे राहावे लागे, तिचा वास घेत, आपली पाळी येईपर्यंत. शिवाय पोट चिखलाला टेकवून पालथे पडावे लागे. राजाने पालथे पडावे, आणि तेही एका घाणेरड्या चिचुंद्रीनंतर! हे शल्य त्याच्या मनात घर करून बसले होते. त्याने ते कुणाला सांगितले नाही. त्याने सांगितले ते वेगळेच.

"पलीकडच्या खोऱ्यात बंदोबस्त आहे," तो सभेत म्हणाला. "त्यांची एक म्हातारी घोरपड आहे. तिला बंदोबस्ताची सगळी अवजारं बसवली आहेत. आणि आपली थोरली? चिखलात लोळते. बाहेरचं कुणी आलं तर आपण दाखवायचं काय?"

असे म्हटल्यावर सगळ्यांनाच लाज वाटली. त्याआधी कुणालाच वाटली नव्हती.

बंदोबस्तवाले आले. पुढे एक पोपट, त्याच्यामागे बांबू आणि वाखाचे दोर घेतलेली माकडे, आणि एका डहाळीवर मानाने बसवून आणलेला एक सरडा. पोपटाला सगळे प्रश्न पाठ होते. काम सुरू करण्याआधी यजमानाची मंजुरी घ्यावी लागते, असे तो म्हणाला.

आता त्या खोऱ्याचा एक शिष्टाचार सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले. पाहुणा बोलू लागला की त्याचे वाक्य पुरे होऊ देणे तिथे असभ्य मानत. वाक्य पुरे होऊ दिले म्हणजे तुम्ही त्याच्यावर शंका घेतलीत. म्हणून घरंदाज प्राणी अर्ध्या वाक्यातच मान डोलवत आणि म्हणत, "हो, पुढं."

"या कामासाठी थोरलीबाईंना जमिनीवरून उचलून एका सपाट चौथऱ्यावर…" पोपटाने सुरुवात केली.

"हो, पुढं," गवा म्हणाला.

"दर अवजार बसवताना त्यांना धोतरा देऊन निजवावं आणि पुन्हा उठवावं लागेल, त्या न उठल्यास त्याची जबाबदारी…"

"हो, पुढं."

"एकदा बसवलेला बंदोबस्त काढायचा झाल्यास…"

"हो, हो. पुढं."

जबाबदारी कुणाची, हे त्या वाक्याच्या शेवटी होते. काढायचा झाल्यास काय, हेही शेवटीच होते. पोपट अप्रामाणिक नव्हता, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. तो प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत म्हणत होता. पण तोवर सभेत "हो, पुढं"चा असा गजर झालेला असे की शेवट कुणाच्या कानावर पडतच नव्हता. थोरलीला मात्र कुणी काही विचारले नाही. पाठ तिची होती, पोट तिचे होते, आणि मंजुरी देत होता गवा.

मग अवजारे बसू लागली. पहिले अवजार म्हणजे सरड्याची बैठक. खाली सगळे ठीक असले की सरडा हिरवा होणार आणि बिघडले की लाल, म्हणजे कुणाला पालथे पडून विचारायला नको. पण बैठक उंच हवी, म्हणून थोरलीच्या पाठीवर बांबूची परांची हवी. परांची डुलू नये म्हणून चौथरा हवा. माकडांनी थोरलीला उचलले, चहूबाजूंनी दगड रचले आणि कवचाच्या कडा त्या दगडांवर टेकवल्या. तिचे पोट अधांतरी राहिले. ती हलू नये म्हणून चारी पायांना दोर लावून मेखा ठोकल्या. मग त्या मेखांवर नजर ठेवायला एक अवजार आले, आणि त्या अवजारासाठी पाठीवर आणखी एक मजला चढला. एक मजला चुकून मागच्या वर्षीच्या मापाचा आला. तो बसेना, काढताही येईना, म्हणून त्याच्यावरच नवा चढवला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात. इथे तर मोत्यांखाली नाक दिसेनासे झाले.

प्रत्येक वेळी थोरलीला धोतऱ्याचा पाला चारून निजवत आणि पाणी मारून उठवत. दर वेळी ती थोडी अधिक उशिरा उठे.

सरडा मात्र पहिल्या दिवसापासून हिरवा होता. पाहुण्यांपुढे बैठक शोभावी म्हणून माकडे तिच्याभोवती रोज ताजी पाने बांधत, आणि पानांत बसलेला सरडा हिरवा होणार नाही तर काय होणार? त्याचे पाय थोरलीला लागत नव्हते. त्याच्या आणि तिच्या मधे इतके बांबू होते की ती श्वास घेते की नाही हेही त्याला कळले नसते. पण खालून पाहणाऱ्यांना ते हिरवे टिंब झकास दिसे. गवा रोज येऊन ताठ मानेने वर बघे आणि समाधानाने परत जाई. आता त्याला कुणाच्या मागे उभे राहावे लागत नव्हते.

डोंगरावर ढग दाटले त्या दिवशी शेवटचे अवजार बसवायचे चालले होते. बाकीची अवजारे धड आहेत की नाहीत हे सांगणारे ते अवजार होते. थोरलीला सकाळीच निजवले होते.

चिचुंद्री पिलांची ओळ घेऊन दुपारी आली. रीतीप्रमाणे ती पोटावर पडली आणि पुढे सरकली, तर तोंडाला दगड लागला.

"थोरलीबाई कुठं आहेत?" तिने विचारले.

"वर बघा," पोपट म्हणाला. "हिरवं आहे."

"मला दिसत नाही. मला एवढंच सांगा, यंदा कोणतं टेकाड राहील? सकाळचं का?"

पोपटाने वर पाहिले. "हिरवं."

"मग सांजेचं?"

पोपटाने पुन्हा वर पाहिले. "हिरवं."

"अहो, दोन्ही हिरवी कशी असतील? पिलं आहेत माझ्याबरोबर. मला एकदाच जाता येतं."

"बाई," मागून गव्याचा आवाज आला, "पाहुणे मंडळींशी असं बोलतात का? हिरवं आहे म्हणाले ना. आम्ही सगळे सकाळच्या टेकाडावर निघालो आहोत. यायचं तर या."

सगळे निघाले. कुणी सकाळचेच का म्हणून विचारले नाही. गवा त्या बाजूला तोंड करून उभा होता, एवढे कारण त्यांना पुरले.

चिचुंद्री गेली नाही. दगडांत एक फट होती. तिथून गव्याचा खूरही आत गेला नसता, पण ती गेली आणि तिच्यामागून पिलांची ओळ गेली. आत अंधार होता आणि वर थोरलीचे पोट होते, कोरडे, जमिनीपासून सुटलेले. ती दोराला धरून मानेपर्यंत चढली आणि थोरलीच्या मानेच्या कातडीला कडकडून चावली. पुन्हा चावली. थोरलीने डोळे उघडले.

"थोरलीबाई, कोणतं टेकाड?"

"मला माती लागत नाही गं," थोरली म्हणाली. "खूप दिवस झाले. मला काहीच कळत नाही. माझं पोट टेकव."

डोंगराएवढी कासवीण, तिच्यावर तो मजल्यांचा डोलारा, आणि ते पोट टेकवायचे कुणी, तर चिचुंद्रीने! याचा संताप यावा तितका थोडाच. ज्यांनी उचलले ती माकडे झाडावर बसून जेवत होती. ज्याने हो म्हटले तो टेकाडावर चढत होता.

चिचुंद्रीने वाद घातला नाही. थोरली खाली येणार नाही हे उघड होते, म्हणून तिने माती वर नेली. पुढच्या पायांनी उकरायची, नाकाने ढकलायची, पुन्हा उकरायची. मागची ओळही न सुटता पायांनी माती लोटत राहिली. ओली माती हळूहळू उंच होत गेली आणि अखेर तिचे टोक थोरलीच्या पोटाला लागले. नखाएवढी जागा असेल.

थोरलीचे सारे अंग शहारले. दगडांवर कवच करकरले.

"दोन्ही नाहीत," ती म्हणाली. "यंदा दोन्ही बुडणार. डोहामागच्या काळ्या कातळावर जा. पाणी निघालंय. पळू नकोस, ओळ तुटेल. पण थांबूही नकोस."

"आणि तुम्ही?" चिचुंद्रीने पायाचा दोर कुरतडायला घेतला. वाखाचा जाड दोर होता. तिच्या दातांना त्याचे दोन पदरही सुटेनात.

"चार पाय आहेत बाई माझे," थोरली म्हणाली. "आणि एकेका पायाला असा दोर. पिलं घेऊन जा."

फटीतून बाहेर येताना चिचुंद्रीच्या पोटाला पाणी लागले. ती सकाळच्या टेकाडाकडे तोंड करून जीव तोडून ओरडली, "दोन्ही नाहीत! कातळावर चला! थोरलीबाईंनी सांगितलंय, दोन्ही नाहीत!"

टेकाडावरच्यांनी ते ऐकले. काही जण उठलेही. मग सगळ्यांनी डोहाकडे पाहिले. परांचीच्या टोकावर ते टिंब ठळक हिरवे दिसत होते.

"तिला दिसत नाही," गवा मोठ्या मनाने म्हणाला, आणि उठलेले खाली बसले.

चिचुंद्री चालू लागली. धावण्याची इच्छा तिने दातांखाली दाबून ठेवली. शेपटीला पहिल्या पिलाची ओढ लागत होती तोवर ओळ आहे असे समजायचे आणि पुढचे पाऊल टाकायचे, एवढेच तिच्या हाती होते. मागे पाण्याचा आवाज वाढत गेला. पायांना एकदाचा खरखरीत कातळ लागला, तशी ती वर चढली, अगदी माथ्यापर्यंत, आणि मग वळून एकेका पिलाला नाकाने चाचपले. सगळी होती. भिजलेली, थरथरणारी, पण सगळी होती. तिला रडू आले. पुढच्या पावसाळ्यात यांनी विचारायचे कुणाला, या विचाराने ते थांबेना.

सवयीने ती कातळावर पोट टेकवून पडली आणि कान लावला. खालून काहीच आले नाही. डोहाकडून मात्र पोपटाचा आवाज स्वच्छ येत होता. तो परांचीच्या टोकावर सरड्याशेजारी बसला होता. त्याला पंख होते, त्याला घाई नव्हती. काम संपल्यावर विचारायचे प्रश्न तो विचारत होता.

"बंदोबस्त पूर्ण झाला असून यजमान त्याबद्दल समाधानी…"

"हो, पुढं!" पाण्यापलीकडून, सकाळच्या टेकाडावरून, सगळ्यांचा आवाज आला.

"यापुढे काही अडचण आल्यास ती थोरलीबाईंचीच समजून…"

"हो, पुढं." या वेळी आवाज थोडे कमी होते.

"आमची अवजारं इतर खोऱ्यांत बसवताना आपल्या खोऱ्याचं नाव…"

"हो…" एकटा गवाच होता, आणि त्याच्या तोंडात पाणी गेल्यासारखे वाटले.

पोपटाने पुढचा प्रश्न विचारला. शेवटपर्यंत विचारला. त्या खोऱ्यात त्याचे वाक्य प्रथमच पुरे ऐकू आले. मग तो शिष्टाचाराप्रमाणे थांबला. खाली सगळीकडे गढूळ पाणी होते आणि त्यातून वर आलेल्या बांबूच्या टोकावर, ताज्या पानांत, सरडा हिरवागार बसला होता.

पोपटाने आणखी थोडी वाट पाहिली.

"हो," मग तोच म्हणाला. "पुढं."